विद्यार्थ्यांची सभा आणि आपले मंडळ

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



गुणगौरवाच्या प्रसंगी वक्त्याने चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात, अभ्यास करा, आईवडिलांचे नाव काढा, ज्ञातीचे ऋण विसरू नका असे म्हणावे आणि टाळ्यांच्या गजरात खाली बसावे, असा आपल्याकडील प्रघात आहे. या प्रघाताबद्दल आम्हांस अनादर नाही. परंतु चालकांनी विषयाची निवड आमच्यावरच सोपविली, तेव्हा यंदा थोडी निराळी वाट धरावी असे आम्हांस वाटले. आपल्या ज्ञातीतील मुले-मुली आता मोठ्या संख्येने परदेशी विद्यापीठांत जातात. त्यांची छायाचित्रे आपण कौतुकाने पाहतो, त्यांना किती वेतनाची नोकरी मिळाली हे अगत्याने विचारतो. परंतु ज्या विद्यापीठांत ती शिकतात त्यांचा कारभार कसा चालतो, त्या कारभारात विद्यार्थ्यांचा हात किती, आणि तेथील विद्यार्थ्यांनी अलीकडे कोणते प्रश्न हाती घेतले, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. ती विचारपूस आज आपण करू. त्यासाठी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी विद्यापीठांचे उदाहरण आम्ही घेतले आहे. त्यातील एका ठरावाचा आपल्यासारख्या ज्ञातिमंडळाशी फार निकटचा संबंध आहे, तो शेवटी सांगू.

प्रथम तेथील रचना ध्यानी घेऊ. १९६० साली कॅलिफोर्निया राज्याने उच्च शिक्षणाचा एक बृहत् आराखडा स्वीकारला. क्लार्क कर हे त्या वेळी कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते व आराखड्यामागे त्यांचाच मोठा पुढाकार होता. आराखड्याने तीन पायऱ्या ठरविल्या. शाळेतून उत्तीर्ण होणाऱ्यांपैकी वरच्या एक-अष्टमांश विद्यार्थ्यांसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठ. वरच्या एक-तृतीयांशांसाठी राज्य विद्यापीठ, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी. आणि ज्याला ज्याला शिकावयाचे आहे त्या सर्वांसाठी सामुदायिक महाविद्यालये. पहिले विद्यापीठ १८६८ सालचे. त्याची बर्कली, लॉस एंजेलिस, डेव्हिस इत्यादी दहा ठिकाणी आवारे आहेत. दुसऱ्याचे सर्वांत जुने आवार सान होजे येथील. त्याचा उगम १८५७ साली निघालेल्या एका अध्यापनशाळेत आहे. आपल्या मुंबई विद्यापीठाचे जन्मवर्षही तेच. राज्य विद्यापीठाची आवारे अनेक वर्षे २३ होती. २०२५ मध्ये एक आवार दुसऱ्यात विलीन झाल्याने ती २२ झाली. साडेचार लाखांच्या घरात विद्यार्थी या एका छत्राखाली शिकतात. कामकऱ्यांची मुले, नव्याने स्थलांतर करून आलेल्या कुटुंबांतील मुले, घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणारी मुले, अशांचा भरणा येथे मोठा आहे.

या प्रत्येक आवारात विद्यार्थ्यांनी निवडलेली एक सभा असते. बहुतेक ठिकाणी तिला ‘असोसिएटेड स्टुडंट्स’ म्हणतात. आपण तिला विद्यार्थिसभा म्हणू. बर्कली येथील विद्यार्थिसभा १८८७ सालची, म्हणजे आपल्या राष्ट्रसभेहून अवघ्या दोन वर्षांनी धाकटी. आपल्याकडे ‘विद्यार्थी मंडळ’ म्हटले की स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा आणि निरोपसमारंभ एवढीच कामे डोळ्यांपुढे येतात. कॅलिफोर्नियातील सभाही हे सारे करतात. परंतु त्यांच्या हाती आणखी तीन गोष्टी असतात आणि त्यांमुळेच त्यांच्या शब्दास वजन येते.

पहिली गोष्ट म्हणजे थैली. विद्यार्थ्यांच्या शुल्कातील काही भाग स्वतंत्रपणे विद्यार्थिसभेसाठी घेतला जातो. राज्य विद्यापीठात हे शुल्क बसविण्यापूर्वी ते विद्यार्थ्यांच्या मतास टाकण्याची पद्धत आहे. हा पैसा कोणत्या मंडळास किती द्यावा, शिशुसंगोपनगृहास किती, व्यायामगृहास किती, कोणाची मागणी नाकारावी, हे वीस-एकवीस वर्षांची मुले-मुली अंदाजपत्रक मांडून ठरवितात. पैसा पुरत नाही तेव्हा कोणाला तरी ‘नाही’ म्हणावे लागते; आणि ज्याला ‘नाही’ म्हटले तोही आपला सहाध्यायीच असतो. लोकशाहीचा हा पाठ कोणत्याही क्रमिक पुस्तकात मिळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मानाची जागा, आणि ती केवळ मानाची नव्हे तर मताची. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा सर्वोच्च कारभार रीजंट नामक विश्वस्तांकडे असतो. यांतील बहुसंख्य विश्वस्त राज्यपाल नेमतात आणि त्यांची मुदत बारा वर्षांची असते. १९७४ साली कॅलिफोर्नियाच्या जनतेने राज्यघटनेत दुरुस्ती मंजूर केली आणि १९७५ पासून या धनाढ्य व प्रतिष्ठित मंडळींच्या पंक्तीस एक विद्यार्थी पूर्ण मताधिकाराने बसू लागला. राज्य विद्यापीठाच्या विश्वस्तमंडळातही विद्यार्थी असतात. त्यांची नावे राज्यव्यापी विद्यार्थी संघटना सुचविते व त्यांतून राज्यपाल नेमणूक करतात. येथील योजना विचार करण्यासारखी आहे. विद्यार्थी-विश्वस्त दोन असतात आणि प्रत्येकाची मुदत दोन वर्षांची. पहिल्या वर्षी त्याने बैठकीस बसावे, कागदपत्रे वाचावीत, प्रश्न विचारावेत, पण मत देऊ नये. दुसऱ्या वर्षी मत द्यावे. तो मत देऊ लागतो तेव्हा त्याच्या शेजारी नवा शिकाऊ येऊन बसलेला असतो. अनुभव आणि तारुण्य यांची सांगड घालण्याची याहून साधी युक्ती आमच्या पाहण्यात नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे उघडे दार. राज्य विद्यापीठाच्या विद्यार्थिसभांस लागू असलेला २००० सालचा एक कायदा आहे. नियमित बैठकीची कार्यक्रमपत्रिका ७२ तास आधी सर्वांस दिसेल अशी लावावी लागते आणि बैठकीत कोणाही विद्यार्थ्यास उठून बोलण्याची मुभा द्यावी लागते. बंद दाराआड ठरवावयाचे आणि मागाहून टाळ्या घ्यावयाच्या, ही सोय कायद्यानेच काढून घेतली आहे. शिवाय विद्यार्थ्यांची वृत्तपत्रे डोळ्यांत तेल घालून बसलेली असतात. बर्कलीचे ‘डेली कॅलिफोर्नियन’ १८७१ पासून निघते व १९७१ पासून ते विद्यापीठाच्या नियंत्रणातून मुक्त आहे. विद्यार्थिसभेच्या बैठकीत कोण काय बोलले, कोणी कोणत्या बाजूने मत दिले, हे त्यात छापून येते. सभेच्या पदाधिकाऱ्यास सकाळी चहाच्या पेल्याबरोबर स्वतःवरील टीका वाचावी लागते. हीही एक शिक्षाच, आणि शिक्षणही.

बर्कलीचा आणखी एक विशेष. तेथे ‘विद्यार्थी-वकील’ नावाचे एक पद मतदानाने भरले जाते. एखाद्या विद्यार्थ्यावर शिस्तभंगाचा आरोप आला, कोणाची शिष्यवृत्ती अडकली, कोणास परीक्षेच्या निकालात अन्याय झाला असे वाटले, तर त्याची बाजू विद्यापीठापुढे विनामूल्य मांडण्याचे काम या पदाधिकाऱ्याचे कार्यालय करते. तेथील सिनेटचे सभासद पसंतिक्रमाच्या पद्धतीने निवडले जातात. आपल्याकडे राज्यसभेच्या निवडणुकीत जी पद्धत आहे तशीच ही. तीमुळे अल्पसंख्य गटासही आपल्या प्रमाणात जागा मिळतात.

श्रोतेहो, हे ऐकून तेथे सारे आलबेल आहे असा समज कोणी करून घेऊ नये. अनेक आवारांत मतदानास येणारे विद्यार्थी अल्पसंख्यच असतात. गटबाजी आहे, पोकळ घोषणा आहेत, पुढील राजकारणाची शिडी म्हणून पदाकडे पाहणारे महत्त्वाकांक्षी तरुणही आहेत. दूरदेशीच्या युद्धांवरील ठरावांवरून रात्र रात्र वाद चालतात आणि सहाध्यायी एकमेकांशी बोलेनासे होतात. परंतु भांडण सभागृहात होते, त्याची नोंद राहते आणि पुढील वर्षी नव्या मतदानाने चूक दुरुस्त करता येते, एवढी सोय तेथे आहे. तिची किंमत त्यांना ठेच लागूनच कळलेली आहे.

ती ठेच १९६४ ची. त्यापूर्वी काही वर्षे बर्कलीच्या विद्यार्थिसभेस आवाराबाहेरील प्रश्नांवर मत व्यक्त करण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली होती. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी तरुण जिवावर उदार होत असताना विद्यार्थिसभेने मात्र नृत्यसमारंभांची चर्चा करीत बसावे, असा तो प्रकार होता. १९६४ च्या सप्टेंबरात आवाराच्या दाराशी मेज मांडून पत्रके वाटण्यासही बंदी आली. १ ऑक्टोबरला पोलिसांनी एका तरुणास पकडून मोटारीत बसविले, तेव्हा विद्यार्थी त्या मोटारीभोवती बसले ते सुमारे ३२ तास हललेच नाहीत. डिसेंबरच्या आरंभी त्यांनी स्प्राउल हॉल या कचेरीच्या इमारतीत ठाण मांडले आणि सुमारे आठशे जणांस अटक झाली. अखेर ८ डिसेंबर रोजी प्राध्यापकांच्या सभेने ८२४ विरुद्ध ११५ मतांनी विद्यार्थ्यांच्या भाषणस्वातंत्र्याची बाजू उचलून धरली. यातील बोध स्पष्ट आहे. जी सभा खऱ्या प्रश्नांवर बोलू शकत नाही तिच्याकडे तरुण पाठ फिरवितात, आणि मग प्रश्न सभागृहातून रस्त्यावर येतो.

चार वर्षांनी हाच अनुभव राज्य विद्यापीठाच्या सान फ्रान्सिस्को येथील आवारात आला. नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९ असा दीर्घ संप तेथे झाला. कृष्णवर्णीय, आशियाई, मेक्सिकन वंशाचे व मूळ अमेरिकन असे विद्यार्थी एकत्र येऊन म्हणाले की, आमच्या पूर्वजांचा इतिहास या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात कोठेच नाही. संपाच्या अखेरीस त्या विषयांच्या अध्ययनासाठी एक स्वतंत्र विद्याशाखा स्थापन झाली व ती अद्याप नांदती आहे.

आपल्या महाराष्ट्राकडे क्षणभर वळू. येथेही महाविद्यालयीन निवडणुका होत असत. पुढे त्यांत पैसा, दंडेली आणि बाहेरील पक्षांची चढाओढ शिरली, रक्तपातही झाला. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेच्या आधारे विद्यार्थी प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. ज्याला गुण अधिक तो प्रतिनिधी, अशी ती व्यवस्था. २००६ साली लिंगडोह समितीने निवडणुकांसाठी नियम घालून दिले. उमेदवाराच्या खर्चास ५,००० रुपयांची मर्यादा हा त्यांतीलच एक. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली, पण २०१९ साली जाहीर झालेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. दंडेलीचे भय खोटे नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु पोहताना कोणी बुडाले म्हणून विहीर बुजविली, तर गावात पोहणारा निपजणार नाही. अधिक गुण मिळविणारा विद्यार्थी उत्तम डॉक्टर होईल. तो इतरांचे गाऱ्हाणे ऐकून घेईलच असे नाही. प्रतिनिधी हा निवडावाच लागतो.

आता कॅलिफोर्नियातील दोन अलीकडील प्रश्न सांगतो. पहिला भुकेचा. संपन्न अमेरिकेतील विद्यार्थी उपाशी राहतो हे कोणास खरे वाटणार नाही. परंतु २०१८ साली राज्य विद्यापीठाने स्वतः प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४१.६ टक्के विद्यार्थ्यांस पुरेशा अन्नाची शाश्वती नसल्याचे आढळले आणि १०.९ टक्के विद्यार्थ्यांवर मागील बारा महिन्यांत केव्हा ना केव्हा बेघर होण्याची पाळी आली होती. कोणी मोटारीत झोपत होता, कोणी मित्राच्या खोलीतील कोचावर. हे दुःख लाजेखाली झाकलेले होते. विद्यार्थ्यांनी ते उघड बोलून दाखविले. अनेक आवारांत शिधा देणारी कोठारे उघडली आहेत. विद्यार्थ्याने यावे, तांदूळ, कडधान्य, डबाबंद भाजी पिशवीत घालून न्यावी. कित्येक ठिकाणी हे कोठार विद्यार्थिसभाच चालविते. आमच्या मंडळींस यावरून माधुकरीची आठवण होईल. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या आपल्याकडे होऊन गेल्या. त्या काळी यजमानाच्या घरी पान मांडताना जात विचारली जाई. तेथील कोठारात ती विचारली जात नाही.

याच ठिकाणी आम्ही आमच्या मुख्य विषयापाशी येतो. आम्ही ज्ञातिसंमेलनाच्या व्यासपीठावरून बोलत आहोत याचे आम्हांस पूर्ण भान आहे, म्हणूनच जपून पण स्पष्ट बोलतो.

कॅलिफोर्नियाच्या राज्य विद्यापीठात दक्षिण आशियातून गेलेले काही दलित विद्यार्थी आपले अनुभव सांगू लागले. आडनाव विचारून, गाव विचारून, आहार विचारून जात काढली जाते. ती कळली की मेजवानीचे आमंत्रण थांबते, बोलण्याचा सूर बदलतो, असे त्यांचे म्हणणे होते. प्रश्न प्रथम एका विभागात, मग एका आवारात, मग अन्य आवारांतील विद्यार्थिसभांत चर्चिला गेला. एप्रिल २०२१ मध्ये सर्व आवारांच्या विद्यार्थिसभांची जी राज्यव्यापी संघटना आहे, तिने एकमताने ठराव केला की, विद्यापीठाच्या भेदभावविरोधी नियमांत वंश, लिंग, धर्म यांप्रमाणे जातीचाही उल्लेख असावा. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस आवाराने आपल्या नियमांत जातीचा समावेश केला. जानेवारी २०२२ मध्ये राज्य विद्यापीठाने आपल्या सर्व आवारांसाठी तोच बदल केला. विद्यार्थ्यांच्या सभेतील ठराव नऊ महिन्यांत लाखो विद्यार्थ्यांस लागू होणारा नियम झाला.

यास विरोधही झाला, आणि तो सांगणे न्यायाचे आहे. ऐंशीहून अधिक प्राध्यापकांनी पत्र लिहून म्हटले की, या उल्लेखामुळे भारतीय व हिंदू यांच्याकडेच संशयाने पाहिले जाईल. जन्मावरून होणाऱ्या भेदभावास पूर्वीचे नियम पुरेसे आहेत. दोघा प्राध्यापकांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयात दावा लावला; २०२३ मध्ये संघराज्याच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. पुढे अशाच आशयाचे एक विधेयक राज्याच्या विधिमंडळाने संमत केले. तथापि, प्रचलित कायद्यांतच हे संरक्षण आहे असे सांगून राज्यपालांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नकाराधिकार वापरला. राज्याचा नवा कायदा झाला नाही. विद्यापीठाचा नियम मात्र राहिला.

आमच्या परिचयाच्या एका ज्ञातिबंधूंची कन्या तेथील एका आवारात शिकते. या ठरावाची चर्चा चालू असताना तिने वडिलांस दूरध्वनीवरून विचारले, “बाबा, आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीचा उल्लेख मी माझ्या अर्जात केला आहे. मंडळाच्या नावात आपल्या जातीचे नाव आहे. ते इथे कोणी वाचले तर मी काय सांगू?” त्या गृहस्थांस उत्तर सुचले नाही. त्यांनी तो प्रश्न आमच्यापुढे ठेवला आणि आम्ही तो आज आपणां सर्वांपुढे ठेवीत आहोत.

मंडळी, हा प्रश्न मुळीच नवा नाही आणि परकाही नाही. आपले ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना त्यांनी १९०९ साली भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावर ग्रंथ प्रसिद्ध केला. हिंदू लोक देशोदेशी गेले तर जातीचा प्रश्नही त्यांच्याबरोबर जगभर जाईल, अशा आशयाचा इशारा त्यांनी त्यात दिला होता. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या इशाऱ्याचा आधार घेतला. दोघेही मराठी भाषक, दोघेही तेव्हा विद्यार्थी, आणि दोघांनीही परक्या भूमीवर उभे राहून आपल्या घराचे निदान केले. शंभर वर्षांनी कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी ठराव केला, तेव्हा या दोन मराठी विद्यार्थ्यांचे भाकीतच खरे ठरले.

मग ज्ञातिमंडळे मोडून टाकावीत काय? आमचे मत तसे नाही. आपल्या मंडळांचा उगम कोठे आहे ते पाहावे. कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या वसतिगृहांस आश्रय दिला. खेड्यातील मुलास शहरात राहण्यास जागा नव्हती, जेवण्यास अन्न नव्हते, आणि ज्याच्या त्याच्या जातीने पुढाकार घेतल्याशिवाय पैसा उभा राहत नव्हता. जातीची ती वसतिगृहे ज्ञानाच्या दारापर्यंत नेणारी पायरी होती. त्यांतीलच जैन बोर्डिंगात एक मुलगा राहत होता. मोठेपणी त्याने १९२४ साली साताऱ्यास असे वसतिगृह काढले की, जेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका पंक्तीस जेवत. तो मुलगा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. आणि त्या वसतिगृहास १९२७ मध्ये महात्माजींच्या हस्ते शाहू छत्रपतींचेच नाव मिळाले. पायरी आणि मजला यांचा संबंध यावरून समजावा. पायरीचा अनादर करू नये, परंतु पायरीवरच बिऱ्हाड थाटू नये.

तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी देण्याचा आमचा विचार नाही. शब्द आपल्याकडे विपुल आहेत. “आमचे मंडळ कोणाच्या विरुद्ध नाही” असे प्रत्येक स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापलेले असते. उत्तर मंडळाच्या कारभारातून मिळाले पाहिजे, म्हणजे ती मुलगी मान वर करून सांगू शकेल की, माझे मंडळ असे असे करते. यासाठी आम्ही चार सूचना कार्यकारी मंडळापुढे नम्रपणे ठेवीत आहोत.

पहिली सूचना : पुढील वर्षापासून कार्यकारी मंडळावर दोन विद्यार्थी घ्यावेत, आणि त्यांतील एक मुलगी असावी. ते विद्यार्थ्यांनीच निवडावेत. सभासदांच्या पुत्रांतून व पुतण्यांतून नेमले जाऊ नयेत. कॅलिफोर्नियातील रीतीप्रमाणे पहिल्या वर्षी त्यांनी ऐकावे व विचारावे, दुसऱ्या वर्षी मत द्यावे.

दुसरी सूचना : शिष्यवृत्ती निधीपैकी एक ठराविक हिस्सा विद्यार्थ्यांच्या समितीकडे सोपवावा. अर्ज त्यांनी तपासावेत, गरज त्यांनी पाहावी, आणि हिशेब त्यांच्या सहीने या स्मरणिकेत छापावा. ते चुकतील. आपणही चुकत चुकतच शिकलो.

तिसरी सूचना : मंडळाच्या बैठकीची कार्यक्रमपत्रिका तीन दिवस आधी सूचनाफलकावर लावावी आणि कोणाही सभासद-कुटुंबातील तरुणास बैठकीत बोलण्याची मोकळीक असावी.

चौथी सूचना काही मंडळींस कडू लागेल. मंडळाच्या शिष्यवृत्त्यांपैकी काही, आरंभी थोड्याच का होईनात, जात न विचारता गरजू विद्यार्थ्यांस द्याव्यात. आणि वसतिगृहातील काही खोल्याही त्याच रीतीने खुल्या कराव्यात. “आमच्या देणगीदारांनी पैसा ज्ञातीसाठी दिला आहे” असा आक्षेप येईल. तो आम्ही मानतो; जुन्या देणग्यांच्या अटी मोडू नयेत. परंतु नवा निधी नव्या अटींवर उभारण्यास कोणाची हरकत आहे? या कामी पहिली वर्गणी देण्यास आम्ही सिद्ध आहोत.

या सूचना मान्य होतील किंवा होणार नाहीत. मान्य न झाल्यास काय होईल, तेही सांगून टाकावे. आपली मुले हुशार आहेत. ती आपल्याशी भांडणार नाहीत. मुकाट्याने दूर होतील. संमेलनास यावयाचे त्यांना सवड होणार नाही, स्मरणिकेचे पान उलटावयास वेळ मिळणार नाही, आणि मंडळाचे नाव सांगण्याची पाळी आली की ती विषय बदलतील. बर्कलीत १९६४ साली विद्यार्थी निदान रस्त्यावर आले. आपल्याकडे ते रस्त्यावरही येणार नाहीत. खुर्च्या तेवढ्या रिकाम्या राहतील, आणि रिकाम्या खुर्च्यांशी वाद घालता येत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, आज तुमच्या हाती पदके आणि प्रशस्तिपत्रे आहेत. ती तुम्ही परिश्रमाने मिळविली आहेत. परंतु त्यांबरोबर एक कामही घेऊन जावे. येथून मुंबई-पुण्यास जाल, बंगळूरला जाल, कॅलिफोर्नियास जाल. जेथे जाल तेथील सभेत बसा. कंटाळवाणी वाटली तरी बसा. अंदाजपत्रक वाचा, ठरावाच्या मसुद्यातील शब्द पारखा, विरुद्ध बाजूचे म्हणणे पुरते ऐकून घ्या आणि मग हात वर करा. जेव्हा एखादा सहाध्यायी म्हणेल की मला माझ्या जन्मावरून कमी लेखले जाते, तेव्हा “आमच्यात तसे काही नाही” असे घाईने म्हणू नका. आधी विचारा, “काय घडले?” आणि ऐका. ज्ञातीचे ऋण विसरू नका असे आम्हीही सांगतो. पण हे ऋण फेडण्याची रीत एवढीच की, आपल्याला ज्यांनी दार उघडून दिले त्यांच्या नावाने दुसऱ्या कोणास तरी दार उघडावे.

 चारही सूचना लेखी स्वरूपात आम्ही आज कार्यवाहांकडे देत आहोत. पुढील सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत त्या याव्यात, आणि ती पत्रिका तीन दिवस आधी फलकावर लागावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.